पाटी आपली, किल्ली कंपनीची

पासवर्ड विसरल्यामुळे कोणाचा तरी टॅब्लेट बंद पडला, हा राजकीय पक्षाच्या साप्ताहिकाने चर्चेला घेण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न पुष्कळ वाचकांना पडेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव आणि कामगारांच्या हक्कांवरील आक्रमण हे प्रश्न दारात उभे असताना एका काचेच्या पाटीचे कौतुक कशाला, असेही कोणी विचारील. परंतु मालमत्तेचा प्रश्न हा समाजवादाचा मूळ प्रश्न आहे. आणि बाजारात रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याची कितपत असते, हे या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रसंगात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

वस्तू घरात आहे, पावती कपाटात आहे, हप्ते फिटलेले आहेत. आणि तरीही ती वस्तू तिच्या मालकाला ओळखण्यास नकार देते. हा नकार देणारा चोर नव्हे, सरकार नव्हे, न्यायालयही नव्हे. तो देते हजारो मैलांवरची एक कंपनी, आणि तोही माणसाकरवी नव्हे तर यंत्राकरवी. ज्या व्यवहारात विक्रेता पैसे घेऊन मोकळा होतो, पण किल्ली स्वतःकडे ठेवतो, त्याला विक्री म्हणावे की भाडेपट्टा?

कुलूप कसे चालते

या उपकरणाला दोन कुलपे असतात, आणि त्यांतील भेद लक्षात घेतल्याशिवाय प्रश्न समजत नाही. पहिले कुलूप पडद्याचे. चार-सहा अंकांचा आकडा, बोटाने काढायची नक्षी किंवा अंगठ्याचा ठसा. हे कुलूप उपकरणाच्या आत असते. पूर्वी ते विसरले तर बटणे विशिष्ट रीतीने दाबून धरावीत, आतला सारा मजकूर पुसून टाकावा आणि यंत्र कोऱ्या पाटीसारखे नव्याने सुरू करावे, असा मार्ग होता. छायाचित्रे, वह्या, टिपणे जात. पण वस्तू वाचे.

दुसरे कुलूप खात्याचे. ॲपलने २०१३ साली आणि गूगलने २०१५ साली ते आपापल्या प्रणालींत आणले. आता यंत्र पुसून कोरे केले तरी ते पुन्हा सुरू होताना आधीच्या खात्याचे नाव आणि पासवर्ड मागते. म्हणजे मजकूर तर गेलाच, वस्तूही हाती आली नाही. हे कुलूप टॅब्लेटमध्ये नसून कंपनीच्या दप्तरात आहे. हे यंत्र कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराच्या पावतीवर नव्हे, तर त्या दप्तरातील नोंदीवर ठरते.

पासवर्ड विसरलेल्या माणसाला कंपनीने खाते परत मिळवण्याची वाट ठेवलेली आहे, हे खरे. नोंदवलेल्या मोबाईल क्रमांकावर ओटीपी येतो, किंवा दुसऱ्या ईमेलवर संदेश येतो. जुना पासवर्ड आठवतो काय, नेहमीच्या ठिकाणाहून आणि नेहमीच्या यंत्रावरून प्रयत्न होतो आहे काय, याचाही अंदाज घेतला जातो. उत्तरे जुळली तर दार उघडते. न जुळली तर खाते तुमचेच आहे याची खात्री पटली नाही, एवढाच निकाल पडद्यावर उमटतो. ॲपलच्या पद्धतीत काही वेळा कित्येक दिवस थांबावे लागते, आणि हा काळ आपले कर्मचारीही कमी करू शकत नाहीत असे कंपनीच सांगते. ज्या निर्णयाविरुद्ध बोलायला समोर माणूस नाही, ज्याची कारणे लेखी मिळत नाहीत आणि ज्यावर अपील नाही, अशा निर्णयाला लोकशाहीच्या भाषेत फर्मान म्हणतात.

विसरणे हा गुन्हा नव्हे

विसरला त्याची चूक, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एवढेच पाहावे की किल्ली हरवणे आणि कागद गहाळ होणे ही मनुष्यजीवनातील नित्याची बाब आहे असे धरूनच आपल्या साऱ्या सार्वजनिक संस्था उभ्या राहिल्या आहेत. शाळा सोडल्याचा दाखला हरवला तर प्रतिज्ञापत्र देऊन दुय्यम प्रत मिळते. खरेदीखत वाळवीने खाल्ले तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते. बँकेचे पासबुक हरवले म्हणून ठेव बुडत नाही. लॉकरची किल्ली हरवली तर ग्राहकाने बँकेला लेखी कळवायचे, खर्च सोसायचा, आणि लॉकर त्याच्यासमक्ष उघडून घ्यायचा, अशी सरळ रीत आहे.

या साऱ्या व्यवस्थांमागे एक तत्त्व आहे. हक्क माणसाचा असतो. कागद, किल्ली किंवा खूण ही त्या हक्काची केवळ साक्ष असते. साक्ष हरवली तर दुसरी साक्ष घ्यावी, पण हक्क बुडू देऊ नये. हे तत्त्व कोणा उदार शेठजीने बहाल केलेले नाही. ज्यांच्याकडे कागद नव्हते आणि म्हणून ज्यांच्या जमिनी गेल्या, अशा असंख्यांच्या झगड्यांतून ते घडले आहे.

त्याच्याशी या कंपन्यांचा व्यवहार ताडून पाहावा. बँकेतील ठेवीला दहा वर्षे कोणी हात लावला नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण ठेवीदार किंवा त्याचा वारस नंतर केव्हाही आला तरी त्याला ती मागता येते. याउलट दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासह पुसून टाकण्याचे धोरण गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून ते अमलात आणण्यास आरंभ केला. पूर्वसूचना पाठवली जाते, हे खरे. पण ज्याला खात्यात शिरताच येत नाही, त्याने त्या खात्यात आलेली सूचना वाचायची कशी? आणि एकदा पुसले गेले की दावा करायला काही उरतच नाही.

कोकणातील वाचकांना ही व्यवस्था अपरिचित वाटण्याचे कारण नाही. वहिवाट कुळाची आणि दप्तर खोताचे, ही खोतीची रचना होती. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याला आपला हक्क सिद्ध करायला ज्या नोंदीचा आधार हवा, ती नोंद ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच घरात. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. जमिनीची खोती गेली. ज्ञानाच्या आणि संपर्काच्या साधनांवर आता नवी खोती बसली आहे, आणि तिचे कूळ आपणहून पैसे मोजून कूळ झाले आहे. कुळाला निदान आपण मालक नाही हे ठाऊक होते. या नव्या कुळाला पासवर्ड विसरेपर्यंत आपण मालक आहोत असेच वाटत राहते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना बर्ली आणि मीन्स यांचा १९३२ सालचा ग्रंथ परिचित आहे. मोठ्या कंपन्यांत मालकी भागधारकांची राहते आणि नियंत्रण व्यवस्थापकांच्या हाती जाते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी पाहिले ते कंपनीच्या आत. आज तीच फारकत घराघरांतील वस्तूंपर्यंत येऊन पोचली आहे: मालकी ग्राहकाची, नियंत्रण विक्रेत्याचे. हे नियंत्रण किती दूरवर जाते याचा नमुना जुलै २००९ मध्ये जगाने पाहिला. ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके, ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते या कारणास्तव, ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून टाकली. पैसे परत दिले, पुढे क्षमाही मागितली. परंतु विकलेले पुस्तक घरात येऊन उचलून नेण्याचे सामर्थ्य विक्रेत्याकडे असते, हे त्या दिवशी उघड झाले ते झालेच.

घाव कोणावर पडतो

हे कुलूप सर्वांना सारखे आहे, पण त्याचा घाव सारखा नाही. ज्याच्या घरी चार यंत्रे आहेत, तो एकावरून दुसऱ्याचा पासवर्ड बदलून घेतो. ज्याच्याकडे एकच टॅब्लेट आणि एकच सिमकार्ड आहे, त्याची किल्ली आणि कुलूप एकाच पेटीत बंद होतात.

ओटीपीचेच पाहावे. खाते परत मिळवण्याची मुख्य वाट मोबाईल क्रमांकातून जाते. हा क्रमांक गरिबाच्या हाती किती काळ टिकतो? २०१८ च्या अखेरीस खासगी दूरसंचार कंपन्यांनी क्रमांक चालू ठेवण्यासाठी किमान रिचार्जची अट घातली. जुलै २०२४ मध्ये तीन मोठ्या खासगी कंपन्यांनी दर सुमारे ११ ते २५ टक्क्यांनी वाढवले. रिचार्ज थांबला की काही काळाने क्रमांक बंद होतो, आणि बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो; २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हीच व्यवस्था मांडली गेली होती. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा रिचार्ज हंगामात राहून गेला, तर त्या कुटुंबातील मुलीच्या खात्याची किल्ली परक्या माणसाच्या खिशात जाऊन पडण्याचा संभव आहे. यात तिचा अपराध कोणता?

दुसरा घाव जुन्या मालाच्या बाजारात बसतो. २०२० आणि २०२१ साली शाळा बंद होत्या तेव्हा शिक्षण पडद्यावर गेले, आणि ज्यांना नवे यंत्र परवडत नव्हते त्यांनी वापरलेले घेतले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्ली, गरिबाची खरेदी बहुधा वापरलेल्या मालाची. आधीच्या मालकाने आपले खाते काढले नसेल तर यंत्र पुसल्याबरोबर त्याचा पासवर्ड मागितला जातो. तो मालक कोठे शोधायचा? ॲपल मूळ खरेदीचा पुरावा मागते. हातोहात झालेल्या व्यवहाराची पावती कोणाकडे असते? मग तालुक्याच्या बाजारपेठेतील दुरुस्तीवाला पुढे येतो आणि कुठून तरी मिळवलेल्या आज्ञावलीने कुलूप फोडून देतो. त्याच्याकडे प्रामाणिक मालकही जातो आणि चोरही जातो. सरळ दार बंद ठेवले की सारी वर्दळ मागल्या दाराने सुरू होते, हे दारूबंदीपासून परवाना-राज्यापर्यंत सर्वांनी पाहिले आहे.

आणि जे मागल्या दारानेही उघडत नाहीत त्या टॅब्लेटचे काय होते? धडधाकट यंत्रे भंगारात जातात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. त्या ढिगात केवळ एका विसरलेल्या शब्दापायी पडलेली यंत्रेही आहेत. खनिज काढणाऱ्या मजुराचे श्रम त्यात आहेत, जोडणी करणाऱ्या कामगाराचे आहेत. ते सारे श्रम एका नोंदीपुढे शून्य ठरतात, आणि ग्राहक नवे यंत्र घ्यायला पुन्हा त्याच बाजारात उभा राहतो. नुकसान कोणाचे आणि विक्री कोणाची वाढते, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

तिसरा घाव सरकारी वाटपाच्या यंत्रांवर. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने ‘आकाश’ टॅब्लेटचा गाजावाजा केला. मे २०२२ मध्ये हरयाणाने शाळकरी मुलांना टॅब्लेट वाटले. महाराष्ट्रात ‘महाज्योती’ने प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय व भटक्या विमुक्त विद्यार्थ्यांना ते दिले. वाटपाच्या समारंभात यंत्र हाती दिल्याचे छायाचित्र निघते; परंतु खाते कोणाच्या नावे, कोणत्या क्रमांकाशी जोडलेले, आणि पासवर्ड विसरल्यास विद्यार्थ्याने कोणत्या कार्यालयात जावे, याचे उत्तर त्या व्यासपीठावर मिळत नाही. सार्वजनिक पैशाने घेतलेली वस्तू खासगी कुलपाच्या स्वाधीन करून सरकार मोकळे होते.

सुरक्षिततेचा युक्तिवाद

या कुलपाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो, तो प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. कुलूप चोरांसाठी आहे. चोरलेले यंत्र वापरता येणार नसेल तर चोरी करण्यात लाभ उरत नाही. अमेरिकेत फोनच्या चोऱ्या वाढल्या तेव्हा २०१४ साली मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी फोनमध्ये असे कुलूप असलेच पाहिजे असे कायदे केले. स्त्रियांच्या खासगी छायाचित्रांचे, कार्यकर्त्यांच्या पत्रव्यवहाराचे, पत्रकारांच्या टिपणांचे रक्षण याच कुलपांनी होते. पोलिसांच्या हाती सर्वांच्या किल्ल्या द्याव्यात असे तर कोणताही लोकशाहीवादी म्हणणार नाही. आणीबाणी अनुभवलेल्या चळवळीने तरी तसे म्हणता कामा नये.

परंतु या युक्तिवादातच त्याचे उत्तर दडलेले आहे. कंपन्यांनी कुलूप लावलेच पाहिजे, असे कायदा सांगू शकतो. तर खऱ्या मालकाला ते उघडून देण्याची रीतसर सोय ठेवलीच पाहिजे, असे कायदा का सांगू शकणार नाही? कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर कुलूप लागल्यावर अधिकृत वापरकर्त्याला फोन पुन्हा सुरू करता आला पाहिजे, ही अटही घातलेली आहे. शिवाय यंत्र मोकळे करणे आणि मजकूर उघडून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मागणी पहिलीची आहे. मजकूर पुसला जावो, तो कोणाच्याही दृष्टीस न पडो. पण पैसे देऊन घेतलेली पाटी तरी तिच्या मालकाला परत मिळो. एवढ्याने कोणाच्याही गुप्ततेला बाध येत नाही.

१९२४ साली गांधीजींनी यंत्रांवरील आपल्या टीकेला अपवाद म्हणून शिवणयंत्राचे नाव घेतले होते. त्यामागचा विवेक आजही मार्गदर्शक आहे. शिवणयंत्र घरातल्या बाईच्या ताब्यात असते. ती त्याला तेल घालते, पट्टा बदलते, बिघडले तर गावातल्या मिस्त्रीला बोलावते. ते चालवण्यासाठी तिला कारखानदाराची अनुमती रोज नव्याने घ्यावी लागत नाही. प्रश्न यंत्र हवे की नको हा कधीच नव्हता. यंत्र माणसाच्या ताब्यात, की माणूस यंत्राच्या धन्याच्या ताब्यात, हा होता.

मागणी काय असावी

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्याय्य करारांना आव्हान देण्याची तरतूद केली. पण ती तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे न्यावी लागते. दहा हजारांच्या टॅब्लेटसाठी गडचिरोलीचा विद्यार्थी राज्य आयोगाची वाट धरील काय? समाजमाध्यमांच्या आणि तत्सम कंपन्यांच्या निर्णयांविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने अपील समित्या नेमल्या. अपिलाचे तत्त्व सरकारने मान्य केले ही चांगली गोष्ट, पण त्यांचे कामकाज सारे ऑनलाइन. ज्याचे यंत्रच बंद आहे त्याने दाद यंत्रावरूनच मागायची! २०२२ साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. बंधनकारक कायद्यापर्यंत ती गोष्ट पोचलेली नाही.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. टॅब्लेट वा फोन विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने जिल्ह्याच्या ठिकाणी माणूस बसलेली खिडकी ठेवावी. पावती किंवा शपथपत्र आणि ओळखीचा पुरावा घेऊन, चोरीची तक्रार नाही याची खात्री करून, ठरलेल्या मुदतीत यंत्र मोकळे करून द्यावे. नकार दिल्यास तो मराठीतून आणि कारणांसह लेखी द्यावा, आणि त्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता यावी. वापरलेल्या मालाच्या खरेदीदाराला आणि मृताच्या वारसाला हीच वाट खुली असावी. केवळ चालू सिमकार्डावर कोणाचाही हक्क अवलंबून ठेवू नये. आणि सरकारी पैशाने वाटलेल्या यंत्रांची कुलपे उघडण्याची जबाबदारी वाटप करणाऱ्या संस्थेने करारातच स्वीकारावी.

हे आपोआप घडणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत करण्याचे आंदोलन केले. दुरुस्तीचा भुर्दंड आपल्यावर आणि ॲप मात्र इंग्रजीत, हे त्यांनी मुकाट्याने सोसले नाही. यंत्रापुढे एकटा माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. हजारो एकत्र आल्या तेव्हा दोष कोठे आहे ते सर्वांना दिसले. त्या सेविकांकडून हा धडा घेण्यासारखा आहे.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांना करण्यासारखे रचनात्मक कामही पुष्कळ आहे. पक्षाच्या आणि कामगार संघटनांच्या कार्यालयांत आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी ठेवता येईल. खात्याला दुसरा विश्वासू क्रमांक आणि ईमेल जोडून देणे, पासवर्ड घरच्या वहीत लिहून ती वही रेशनकार्डाशेजारी ठेवायला सांगणे, पावती जपायला सांगणे, यंत्र विकण्यापूर्वी आपले खाते त्यातून काढायला शिकवणे, आणि ज्यांची यंत्रे बंद पडली आहेत त्यांच्या तक्रारी तारीखवार नोंदवून ठेवणे. ही नोंदवहीच उद्याच्या मोर्चाचे निवेदन होईल. सातबारा वाचायला शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांनीच एके काळी कुळांना आपल्या हक्काची जाणीव करून दिली होती.

विसराळूपणा मनुष्यस्वभावात आहे आणि राहील. त्याचा दंड किती असावा आणि तो कोणी ठरवावा, हा मात्र राजकारणाचा प्रश्न आहे. आणि राजकारणाचे प्रश्न कंपन्यांच्या दप्तरावर सोडून चालत नाही.